कुलपांचा क्रम



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘कुलपांचा क्रम’ असा छापला गेला, आणि तेव्हापासून दोघातिघांनी मला वाटेत गाठून विचारले, की यंदा कोणत्या कारखान्याच्या टाळेबंदीवर बोलणार? त्यांचा दोष नाही. तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. कुलूप म्हटले की माझ्याही डोळ्यांपुढे प्रथम कारखान्याचे बंद फाटक आणि त्यावर डकवलेली नोटीसच उभी राहते. पण आजचे कुलूप निराळे आहे. ते संगणकाच्या पोटात असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि एका सेकंदात हजारो वेळा लागते व निघते. ते चुकीच्या क्रमाने लागले तर काय होते, आणि ती चूक दुरुस्त करायला बसलेल्या जाणत्या माणसांच्या हातूनही नवी चूक कशी घडते, ती हकीकत मी सांगणार आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार काहीच नाही. मी नववीतून शाळा सोडली, लेथवर उभा राहिलो आणि पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात व संघटनेच्या कचेरीत. संगणकाकडे मी वळलो तो एका वाक्यामुळे. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचा पगार दर महिन्याला लांबू लागला. विचारायला गेलो की खिडकीमागून ठरलेले उत्तर येई, “सिस्टीम हँग झाली आहे.” पूर्वी म्हणत, साहेब नाहीत. साहेब नाहीत म्हटले तर साहेबांच्या दारात बसता येते. पण सिस्टीम हँग झाली म्हटल्यावर कोणाच्या दारात बसायचे? ती का अडते, कोणामुळे अडते, अडली हे कळते कसे, याची मला चौकशी करावीशी वाटली. आमच्या एका सभासदाची मुलगी पुण्यात प्रोग्रॅमर आहे. तिने मला सुट्टीच्या दिवशी शिकवायला घेतले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “काका, यंत्र आपोआप अडत नाही. कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असते.” हे वाक्य ऐकले आणि हा विषय आपल्याला समजेल असा मला धीर आला. वाट पाहायला लावण्याचा आणि वाट पाहण्याचा अनुभव माझ्याजवळ भरपूर होता.

संगणकात सर्वांत आतला जो कार्यक्रम असतो, त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला कर्नल तो वेगळा. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बीमधला गर, गाभा असा आहे. आपण टाइप करतो, फोटो पाहतो, हिशेब करतो, ते सारे कार्यक्रम बाहेरचे. त्यांना यंत्राची स्मृती, डिस्क, प्रोसेसर यांचे वाटप करून देणारा हा गाभा. 1991 साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. तोच लिनक्स. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच आहे. त्याची मूळ लिखावट कोणालाही वाचता येते आणि कोणती दुरुस्ती कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी केली याची नोंद कायम राहते. म्हणूनच माझ्यासारख्या नववी पास माणसाला आजची हकीकत सांगता येते आहे. कंपनीच्या तिजोरीतल्या कोडाविषयी मला एक अक्षर कळले नसते.

आता कुलूप कशाला लागते ते पाहू. आमच्या कचेरीत वर्गणीची एक वही आहे. शिल्लक 500 रुपये आहे असे धरा. एका कार्यकर्त्याने वही पाहिली, 500 हा आकडा मनात धरला आणि हातातले 100 रुपये मिळवण्याची बेरीज करू लागला. तेवढ्यात दुसऱ्यानेही वही पाहिली. त्यालाही 500 च दिसले. पहिल्याने 600 लिहिले. दुसऱ्याच्या हातात 50 रुपये होते, त्याने ते खोडून 550 लिहिले. दोघेही प्रामाणिक, दोघांचीही बेरीज बरोबर, आणि वहीतून 100 रुपये गेले! यावर उपाय एकच. जो वही घेईल त्याने ती लिहून संपेपर्यंत दुसऱ्याच्या हाती देऊ नये. संगणकात अनेक कामे एकाच वेळी चालू असतात, आणि प्रत्येक सामायिक वहीला असे कुलूप असते. ज्याला कुलूप मिळत नाही ते काम निजून राहते. कुलूप निघाले की त्याला उठवतात.

इथपर्यंत सोपे आहे. पण वहीबरोबर पावतीपुस्तकही लागत असेल तर? एकाने वही घेतली आणि तो पावतीपुस्तकाची वाट पाहत बसला. दुसऱ्याने पावतीपुस्तक घेतले आणि तो वहीची वाट पाहत बसला. दोघेही हातातले सोडत नाहीत. ही झाली कोंडी. इंग्रजीत हिला डेडलॉक म्हणतात, आणि हा शब्द कामगार चळवळीलाही चांगला परिचित आहे. फरक इतकाच, की वाटाघाटीत कोंडी झाली तर कोणीतरी चिडून उठतो, कोणी मध्यस्थ आणतो, निदान कोणाला भूक लागते. यंत्रातली कामे चिडत नाहीत. वीज जाईपर्यंत ती स्वस्थ निजून राहतील.

या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. 1965 साली एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत तो घातला होता. पुढे त्याला पाच तत्त्वज्ञांचे रूप मिळाले. गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, दोघांच्या मध्ये एक याप्रमाणे पाच काटे आहेत, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. प्रत्येकाने डाव्या हाताचा काटा उचलला की पाचही जण उपाशी. (आपल्याकडे हाताने जेवतात म्हणून हा प्रश्न आपल्याला सुचला नसावा.) मग 1971 साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी लिहून दाखवले, की कोंडी होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येणे, हातात एक असताना दुसरीसाठी थांबणे, हातातली वस्तू कोणाला हिसकावून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ बनणे. यांतली एक जरी मोडली तरी कोंडी होत नाही. पहिली मोडावी तर वहीतले 100 रुपये जातात. तिसरी मोडावी, म्हणजे अर्धी लिहिलेली वही हिसकावून घ्यावी, तर अर्धीच नोंद राहते. गाभा लिहिणारे मुख्यतः चौथी मोडतात. कुलपांना क्रम लावून देतात. वही आधी, पावतीपुस्तक नंतर, आणि हा नियम सर्वांना सारखा. सर्वजण एकाच दिशेने वाट पाहू लागले की वर्तुळ बनायला जागाच राहत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या भानगडी कशाला, सबंध इमारतीला एकच कुलूप ठेवा. लिनक्सने तेही करून पाहिले. 1996 साली एका यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर चालवण्याची सोय झाली, तेव्हा सबंध गाभ्याला एक मोठे कुलूप घातले होते. काम सुरक्षित चाले, पण प्रोसेसर कितीही असोत, दारात रांग एकच! ते कुलूप तुकड्यातुकड्याने काढत काढत पूर्ण निघायला 2011 साल उजाडले. एका किल्लीऐवजी हजारो किल्ल्या झाल्या, काम भराभर होऊ लागले, आणि क्रम सांभाळण्याची जबाबदारी तितकीच वाढली. 2006 साली इंगो मोलनार यांनी गाभ्यात एक पहारेकरी बसवला. त्याचे नाव लॉकडेप. कोणते कुलूप हाती असताना कोणते मागितले गेले याची तो नोंद ठेवतो. आज सकाळी कोणी वहीनंतर पावतीपुस्तक घेतले आणि दुपारी दुसऱ्या कोणी पावतीपुस्तकानंतर वही घेतली, तर प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही तो ओरडतो, की हे दोघे एखाद्या दिवशी एकमेकांत अडकणार आहेत. कोडाच्या अपुऱ्या तपासणीत हजार वेळा चुकून एकदा होणारी कोंडी यामुळे आधीच सापडते. पण या पहारेकऱ्याला एक मर्यादा आहे, ती पुढे येईल.

आता मुख्य हकीकत. संगणकातल्या फाइली डिरेक्टऱ्यांत ठेवलेल्या असतात. डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात आणखी एक, असा तो वंशवृक्ष असतो. प्रत्येक डिरेक्टरीत एक नोंद असते, तिचे नाव नुसती दोन टिंबे. त्या नोंदीत आपली वरची डिरेक्टरी कोणती हे लिहिलेले असते. आपल्या नावात मधे वडिलांचे नाव असते ना, तसेच हे समजा. आता डिरेक्टरीचे नाव बदलण्याचे दोन प्रकार आहेत. एकाच घरात राहून नुसते नाव बदलणे हा एक. दुसरा म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणे, म्हणजे दत्तक जाणे. संगणक दोन्ही प्रकारांना एकाच नावाने ओळखतो, ‘रीनेम’. मात्र दत्तक जाताना वडिलांचे नाव बदलावे लागते, म्हणजे दोन टिंबांची नोंद खोडून नवी करावी लागते. हा फरक मनात ठेवा. सगळी मेख तिथे आहे.

दत्तकविधानाच्या वेळी दोन्ही वडिलांना, म्हणजे जुन्या आणि नव्या वरच्या डिरेक्टरीला, कुलूप लावायची पद्धत जुनीच होती. त्याआधी सबंध फाइलसिस्टीमसाठी एक खास कुलूप घेतात, म्हणजे एका वेळी एकच दत्तकविधान चालते. तसे न केले तर एक जण थोरल्याला धाकट्याच्या घरी आणि त्याच क्षणी दुसरा धाकट्याला थोरल्याच्या घरी दत्तक देईल, आणि दोघेही मूळ वृक्षापासून तुटून एकमेकांचे बाप होऊन बसतील! इतका विचार झालेला होता. पण जे मूल दत्तक जाते आहे, त्याला स्वतःला मात्र कोणी कुलूप लावत नव्हते.

त्याने काय बिघडते? एक्स्ट-फोर नावाची लिनक्सची फार वापरातली फाइलसिस्टीम आहे. तिच्यात अगदी लहान डिरेक्टरीतल्या नोंदी तिच्या ओळखपत्रकातच मावून घेण्याची सोय आहे. नोंदी वाढल्या की त्या सर्व उचलून डिस्कवर वेगळ्या जागी नेतात. आता पाहा, एक काम डिरेक्टरीला दत्तक देते आहे आणि दोन टिंबांची जागा शोधून तिथे नवे वडील लिहायला हात पुढे करते आहे. त्याच क्षणी दुसऱ्या कामाने त्या डिरेक्टरीत एक नवी फाइल केली, जागा अपुरी पडली, आणि सगळ्या नोंदी दुसरीकडे हलल्या. पहिल्याचा हात आता भलत्याच जागी लिहितो. डिरेक्टरी खराब होते. असे रोज होत नाही. पण सबंध जगात कोट्यवधी यंत्रे रात्रंदिवस चालतात, तेव्हा कधी तरी, कोणाच्या तरी यंत्रावर ते होणारच.

सुसे या कंपनीत काम करणारे यान कारा हे फाइलसिस्टीमचे मुरलेले कारागीर आहेत. 2023 च्या सुरुवातीस त्यांनी एक्स्ट-फोरमध्ये दुरुस्ती केली. दत्तक जाणाऱ्या डिरेक्टरीलाही कुलूप लावायचे. दुरुस्ती सरळ होती. पण पहारेकरी लॉकडेप ओरडला. एक्स्ट-फोर कोणताही बदल करण्याआधी रोजकीर्द उघडते, आणि तिचा अलिखित शिरस्ता असा, की आधी डिरेक्टरीचे कुलूप, मग रोजकीर्द. कारांचे नवे कुलूप रोजकीर्द उघडल्यानंतर लागत होते. म्हणजे एकाने रोजकीर्द उघडून कुलपाची वाट पाहायची, कुलूपवाल्याने नव्या रोजकीर्दीसाठी थांबायचे, आणि जुनी रोजकीर्द तर पहिला ती मिटल्याखेरीज बंद व्हायची नाही. वर्तुळ पुरे झाले. मार्चमध्ये कारांनी ते कुलूप अलीकडे सरकवून ही चूक काढली.

मग असे दिसून आले, की हा रोग एकट्या एक्स्ट-फोरचा नाही. यूडीएफ, एफ-टू-एफएस, ओसीएफएस-टू अशा आणखी कितीतरी फाइलसिस्टीमांना तो होऊ शकतो. प्रत्येकीने आपापले औषध करावे तर प्रत्येक ठिकाणी क्रम चुकण्याची भीती. तेव्हा जूनमध्ये कारांनी हे काम सर्व फाइलसिस्टीमांच्या वर जो एक सामायिक थर असतो, त्याला व्हीएफएस म्हणतात, तिथे नेले. क्रम बरोबर ठेवणे फार कठीण असते, म्हणून ती जबाबदारी एकाच जागी असावी, ही त्यांची भूमिका. कोणत्याही संघटकाला पटेल अशीच ती आहे. खात्याखात्याने वेगवेगळे करार करण्यापेक्षा उद्योगाचा एक करार बरा. ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या 6.5 या आवृत्तीत ही दुरुस्ती होती.

या दुरुस्तीत डिरेक्टरी घरातल्या घरात नाव बदलत असो वा दत्तक जात असो, तिला कुलूप लागायचेच. आणि नाव बदलताना त्या नावाची दुसरी डिरेक्टरी तिथे आधीच असेल, तर तीही कुलपात. म्हणजे दोन कुलपे झाली. दोन कुलपे आली की क्रम आला. क्रम असा ठरला होता: एक दुसऱ्याचा पूर्वज असेल तर पूर्वज आधी. दोघांत तसे नाते नसेल तर मेमरीत ज्याचा पत्ता लहान आकड्याचा, तो आधी. दोन्ही नियम वाजवी वाटतात. मलाही वाटले. ती मुलगी म्हणाली, “काका, कागद घ्या आणि तीन डिरेक्टऱ्या मांडा.”

मी कागद घेतला आणि तो पुरा भरायच्या आतच मला वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, ती आधी सांगतो. एका कारखान्यात दोन खाती एकत्र झाली आणि बढतीसाठी ज्येष्ठतेची यादी करायची ठरली. करार मीच लिहिला होता. एका खात्यातल्या दोघांत जो आधी नोकरीला लागला तो ज्येष्ठ. दोन वेगळ्या खात्यांतल्या दोघांत ज्याचा बिल्ला नंबर लहान तो ज्येष्ठ. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, पेढे वाटले. मग तीन माणसे पुढे आली. दोन फिटर आणि एक वेल्डर. थोरला फिटर आधी लागलेला, पण त्याचा बिल्ला हरवून नवा मिळाला होता, नंबर 300. धाकट्या फिटरचा नंबर 100. वेल्डरचा 200. आता करार काय सांगतो? थोरला फिटर धाकट्या फिटरच्या आधी, कारण खाते एक आणि नोकरी जुनी. धाकटा फिटर वेल्डरच्या आधी, कारण 100 हे 200 हून लहान. आणि वेल्डर थोरल्या फिटरच्या आधी, कारण 200 हे 300 हून लहान! तिघेही एकमेकांच्या पुढे. कोणाही दोघांना माझ्यासमोर उभे करा, मी न्याय देत होतो. तिघांना एकत्र उभे केले की करार कोसळत होता. एक बढती पाच महिने अडून राहिली, आणि तिघांनीही माझ्याशी बोलणे टाकले.

डिरेक्टऱ्यांचे तेच झाले होते. खाते म्हणजे वंशाचे नाते, बिल्ला म्हणजे मेमरीतला पत्ता. दोन नियम स्वतंत्रपणे निर्दोष, पण एकत्र केले की जो निघतो तो क्रम नव्हेच, ते वर्तुळ आहे. प्रत्यक्षात ही कोंडी माझ्या तीन कामगारांइतकी सरळ घडत नाही. डिरेक्टऱ्यांचा वंशवृक्ष मधल्या मधे बदलत राहतो, आणि अडकायला बऱ्याच गोष्टी एका क्षणी जुळाव्या लागतात. पण कोंडी अशक्य आहे हे ज्या आधारावर सांगायचे, तो आधारच गेला. आणि इथे पहारेकऱ्याची मर्यादा आडवी येते. लॉकडेप कुलपांना जातवार ओळखतो, व्यक्तिशः ओळखत नाही. एका प्रकारच्या सगळ्या डिरेक्टऱ्यांची कुलपे त्याला एकाच जातीची. हा आधी की तो आधी, हे त्याला प्रोग्रॅमरनेच सांगून ठेवावे लागते, आणि जे सांगितले त्यावर तो विश्वास ठेवतो. अशा ठिकाणी यंत्राचा पहारा पुरत नाही. माणसाने कागद घेऊन सिद्धता लिहावी लागते.

ती लिहिणारे गृहस्थ म्हणजे अल विरो. व्हीएफएसची राखण ते फार वर्षांपासून करीत आले आहेत. 2023 च्या नोव्हेंबरात त्यांनी दाखवून दिले, की जून महिन्यातला क्रम तीन ठिकाणी जोडला की टिकत नाही. आता यावर उपाय काय? माझ्यासारख्याने तिसरा नियम घातला असता, मग तिसऱ्यातल्या अपवादासाठी चौथा. कामगार कायद्यांत हेच होत आले आहे. विरोंनी उलट प्रश्न विचारला. हे कुलूप आपण लावतो कशासाठी? दोन टिंबांची नोंद सांभाळण्यासाठी. ती नोंद बदलते केव्हा? वडील बदलले तर. घरातल्या घरात नाव बदलले तर वडील तेच राहतात. मग तिथे त्या डिरेक्टरीला कुलूप कशाला हवे?

म्हणून त्यांनी ते कुलूप काढून टाकले. मित्रहो, हा भाग मला समजला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. कोंडीची दुरुस्ती म्हणजे नवे कुलूप, नवा पहारा, असेच मी धरून चाललो होतो. घरातल्या घरात नाव बदलताना आता वडिलांना कुलूप लागते, आणि त्या नावाची जुनी डिरेक्टरी पुसली जाणार असेल तर फक्त तिला. ती रिकामी आहे की नाही हे तपासावे लागते, म्हणून. वडील आणि मूल, वरून खाली, इतकेच. दत्तकविधान असेल तर मात्र प्रथम ते सबंध फाइलसिस्टीमचे खास कुलूप, मग दोन्ही वडील, पूर्वज आधी. त्यांचे आपसात नाते नसेल तर ज्याच्या घरून मूल निघते तो आधी. मग दत्तक जाणारे मूल. पत्त्याचा आकडा डिरेक्टऱ्यांच्या क्रमातून पार गेला.

आता कागदावर पाहा. एकाहून अधिक डिरेक्टऱ्यांना कुलूप लावणारे जे कोणते काम असेल, ते एक तर खास कुलूप घेऊन आलेले असणार, किंवा वडिलांनंतर मूल एवढ्याच क्रमाने जाणार. खास कुलूपवाला एका वेळी एकच. बाकीचे सगळे वरून खाली उतरणारे. उतरणाऱ्यांचेच वर्तुळ व्हायला वृक्षात एखाद्याने आपल्याच आजोबाचा बाप व्हायला हवे, आणि तसे होऊ नये म्हणूनच ते खास कुलूप आहे. एकटा खास कुलूपवाला मधे घालूनही वर्तुळ का जुळत नाही, याची पूर्ण सिद्धता विरोंनी गाभ्याच्या कागदपत्रांत लिहून ठेवली आहे. चार-पाच पानांचा मजकूर आहे. मला तो समजायला दोन महिने लागले, आणि त्यातले एक पान आजही मी त्या मुलीच्या भरवशावर मान्य करतो.

एक गोष्ट राहिली. काही फाइलसिस्टीमा आळशीपणाने, वडील बदलले नसतानाही, दोन टिंबांवर तेच जुने नाव पुन्हा गिरवत असत. कुलूप काढायचे तर त्यांना ही सवय सोडायला लावणे भाग होते. म्हणून एकेका फाइलसिस्टीमसाठी वेगळी दुरुस्ती लिहावी लागली, आणि त्यांतल्या काही खुद्द यान कारांनी लिहिल्या. ज्यांचा क्रम चुकीचा ठरला तेच गृहस्थ. माझा ज्येष्ठतेचा करार चुकला हे दाखवून देणाऱ्या वेल्डरला मी त्या वेळी काय बोललो होतो, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. ही सगळी दुरुस्ती मार्च 2024 मध्ये आलेल्या 6.8 या आवृत्तीत बाहेर पडली.

आता माझ्या पगाराच्या खिडकीकडे येतो. शिकता शिकता मला आणखी एक गोष्ट कळली होती. लिनक्सच्या गाभ्यात अडून बसलेल्या कामांची नोंद करणारा एक कारकून असतो. एखादे काम 120 सेकंदांहून अधिक वेळ अशा रीतीने निजून राहिले, की तो रोजनिशीत त्या कामाचे नाव लिहितो आणि ते कोडात कोठे थांबले आहे तेही मांडतो. बहुतेक ठिकाणी ही सोय चालू असते. त्या कारखान्याचा सर्व्हर लिनक्सवरच होता. पुढच्या महिन्यात खिडकीमागून पुन्हा तेच वाक्य आले, तेव्हा मी म्हणालो, “ठीक आहे. 120 सेकंदांची नोंद दाखवा. कोणते काम अडले, कोणाच्या कुलपासाठी, तेवढे पाहून जातो.” खिडकीतला मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्याने आतून संगणकवाल्याला बोलावले. तो सरळ माणूस होता. त्याने रोजनिशी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि माझ्यासमोरच म्हणाला, की महिनाभरात यंत्र एकदाही अडलेले नाही. पगाराच्या याद्या 2 तारखेला तयार होऊन वर गेल्या आहेत, मंजुरीची सही व्हायची आहे.

सही करणाऱ्या साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आम्ही चाळीस जण जिन्यावर बसलो. पगार त्याच संध्याकाळी झाला.